राजाबाई टॉवर : एक वास्तुपाठ
(मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट येथील ऐतिहासिक वास्तूंचा परिचय)



आपली संस्था दरवर्षी दहावी, बारावी व पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा गुणगौरव करते. स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे छापली जातात. पदवीधराच्या छायाचित्राखाली नाव, टक्केवारी आणि ‘मुंबई विद्यापीठ’ एवढे शब्द असतात. संस्थेच्या अभ्यासवर्गात आम्ही एकदा मुलांना विचारले, “हे विद्यापीठ तुमच्यापैकी कोणी पाहिले आहे काय?” दोघा-तिघांनी कालिन्याचे नाव घेतले. फोर्टमधील जुनी वास्तू आतून-बाहेरून नीट पाहिलेला एकही हात वर झाला नाही. प्रस्तुत लेख लिहिण्याचे ते एक कारण होय.

दुसरे कारण घरचे आहे. आम्ही बी.ए. उत्तीर्ण झालो तेव्हा वडिलांना घेऊन फोर्टला गेलो होतो. वडील भांडुपच्या एका कारखान्यात कामगार. शिक्षण चौथीपर्यंत. ज्या विद्यापीठाची पदवी मुलाला मिळाली ते त्यांना दाखवावे, एवढाच हेतू. ओव्हल मैदानासमोरच्या फाटकापाशी आलो आणि वडील थांबले. म्हणाले, “तू जाऊन ये. मी हितंच थांबतो.” त्यांना कोणी अडवले नव्हते. पहारेकऱ्याने आमच्याकडे पाहिलेही नव्हते. अडवले ते त्यांचे त्यांनीच. आम्ही आत फेरी मारून परत आलो तेव्हा ते मान वर करून मनोरा न्याहाळत होते. परतीच्या लोकलमध्ये, कुर्ला गेल्यावर, त्यांनी विचारले, “त्या टावरावर वर ती माणसं उभी केलीत, ती कोण?”

आम्ही कला शाखेचे पदवीधर. पण उत्तर देता आले नाही. मनोऱ्यावर माणसे आहेत हेच आमच्या लक्षात आले नव्हते. पुढे बँकेत नोकरी लागली, फोर्टमध्ये जाणे-येणे वाढले, जेवणाच्या सुट्टीत ओव्हलच्या कडेला उभे राहून आम्ही ती माणसे पाहिली, त्यांच्याविषयी वाचले. वडिलांच्या त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा पाठ आहे, असे समजावे.

१. विद्यापीठ आधी, इमारत नंतर

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्त्याचे व सप्टेंबरात मद्रासचे विद्यापीठ स्थापन झाले. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यात अशी विद्यापीठे काढण्याची शिफारस होती. पण येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे विद्यापीठ सुरुवातीला शिकवीत नव्हते. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठ परीक्षा घेई व पदवी देई. त्यामुळे पहिली काही वर्षे त्याला स्वतःची इमारतही नव्हती, टाउन हॉलमधूनच कारभार चाले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८६२ सालचे पहिले पदवीधर याच काळातले. त्यांनी पदवी घेतली तेव्हा राजाबाई टॉवरचा एक चिराही बसला नव्हता.

१८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या. भिंती गेल्या आणि त्यांच्या पश्चिमेला मोकळी जागा मिळाली. त्या जागेवर समुद्राकडे तोंड करून सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशा इमारतींची रांगच उभी राहिली. आज त्यांच्यापुढे ओव्हल मैदान आहे व मैदानापलीकडे घरांची रांग आहे. त्या काळी मात्र मैदानापलीकडे थोड्याच अंतरावर समुद्र होता. पलीकडची घरे नंतर भराव घातलेल्या जमिनीवर झाली.

२. पैसा कोठून आला?

बँकेत काम करणाऱ्या माणसाला कोणतीही मोठी इमारत पाहिली की हा प्रश्न पडतोच. विद्यार्थ्यांनीही तो विचारण्याची सवय लावून घ्यावी.

विद्यापीठाच्या आवारात दोन प्रमुख वास्तू आहेत. एक पदवीदान सभागृह व दुसरी ग्रंथालय आणि त्यावरील मनोरा. सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी १८६३ साली १ लाख रुपये दिले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली २ लाख रुपये दिले. पुढे मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले व त्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव देण्याची इच्छा व्यक्त केली. राजाबाई दृष्टिहीन होत्या, धर्माने जैन होत्या, सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून मनोऱ्याच्या घड्याळाचे टोल त्यांना उपयोगी पडत, असे सांगितले जाते.

प्रेमचंद रायचंद हे शेअर व कापूस बाजारातील त्या काळचे सर्वांत बडे नाव. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथील कापसाला सोन्याचा भाव आला. तो सारा मुंबई बंदरातून जाई. मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नवी कंपनी निघे, तिच्या शेअरवर उड्या पडत. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले आणि हा फुगा फुटला. असंख्य लोक रस्त्यावर आले. खुद्द प्रेमचंद बुडाले आणि त्यांच्या सट्ट्यात पैसा अडकलेली बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. १८६८ साली ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. ही नवी बँक १९२१ साली इम्पीरियल बँकेत विलीन झाली व १९५५ साली इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. म्हणजे राजाबाई टॉवरचा इतिहास आणि बँकिंगचा इतिहास एकाच पानावर सुरू होतो.

येथे थोडे थांबून विचार करावा. दात्यांची नावे वास्तूंना मिळाली आणि ते योग्यच आहे. त्यांनी पैसा विद्येसाठी दिला. पण ज्या कापसातून हा पैसा आला तो कापूस पिकवणारे, वेचणारे, गाठी बांधणारे, बंदरावर वाहणारे हातही होते. वास्तूच्या नावात त्या हातांचा उल्लेख नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमका हाच मुद्दा मांडला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उपयोगी पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी राजाबाई टॉवर पूर्ण होऊन अवघी चार वर्षे झाली होती.

३. बांधकाम

दोन्ही वास्तूंचे आराखडे इंग्लंडमधील प्रसिद्ध वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केले. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकासमोरील भव्य हॉटेल हे त्यांचेच काम. विशेष हे की स्कॉट हिंदुस्थानात कधीही आले नाहीत. नकाशे लंडनहून आले आणि ते दगडात उतरवले येथल्या अभियंत्यांनी, पाथरवटांनी, गवंड्यांनी. सभागृहाचे काम १८६९ ते १८७४ या काळात झाले. ग्रंथालय व मनोऱ्याची कोनशिला १ मार्च १८६९ रोजी बसली आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात स्कॉट वारले. आपल्या कल्पनेतील मनोरा त्यांनी पूर्ण झालेला पाहिलाच नाही.

मनोऱ्याची उंची २८० फूट. पहिला टप्पा चौकोनी, ६८ फुटांचा. तेथे सज्जा आहे. त्यावर अष्टकोनी टप्पा ११८ फुटांचा. त्यावर निमुळता कळस ९४ फुटांचा. त्या काळी मुंबईत याहून उंच इमारत नव्हती. एकूण खर्च सुमारे साडेपाच लाख रुपये आला.

बांधकामात मुख्यतः कुर्ल्याचा फिकट पिवळसर दगड वापरला आहे. आपण भांडुपहून लोकलने रोज ज्या कुर्ल्यावरून जातो, तेच हे कुर्ला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावू लागली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत आपल्याच मार्गावरील एका गावचा दगड विद्यापीठाच्या अंगावर चढला. तेव्हा ही वास्तू आपल्याला परकी नाही, तिचे हाड आपल्या बाजूचे आहे, असे आम्ही मुलांना सांगतो.

४. इमारत कशी पाहावी?

पुस्तक जसे वाचतात तशी इमारत वाचता येते. त्यासाठी चार-पाच खुणा माहीत असाव्यात.

(अ) टोकदार कमान : या वास्तूंची शैली ‘गॉथिक’ म्हणून ओळखली जाते. बाराव्या शतकापासून फ्रान्समध्ये व पुढे साऱ्या युरोपात चर्च बांधताना ती वाढली. स्कॉट यांनी येथे फ्रान्स व व्हेनिस या दोन्हीकडच्या धाटणीचा उपयोग केला आहे. गॉथिकची मुख्य खूण म्हणजे वर टोक असलेली कमान. अर्धगोल कमान वरचा भार बाजूंना अधिक ढकलते, त्यामुळे भिंती जाडजूड कराव्या लागतात. टोकदार कमान तोच भार बराचसा खाली नेते. म्हणून भिंत हलकी करता येते, उंच नेता येते आणि तीत मोठ्या खिडक्या ठेवता येतात.

(आ) बाहेरचे धिरे : भिंतीला बाहेरून ठराविक अंतरावर दगडी टेकू दिलेले दिसतात. भिंत बाहेर झुकू नये म्हणून ते आहेत. शोभा दुय्यम, काम मुख्य.

(इ) रंगीत काचा : मोठ्या खिडक्या आल्या म्हणून रंगीत काचकाम आले. सभागृहातील भव्य गोल खिडकीत बारा राशींची चित्रे आहेत. ग्रंथालयाच्या वाचनदालनातील रंगीत काचा मुंबईतील उत्तम काचकामापैकी मानल्या जातात. सूर्य कलला की त्यांचा रंग आतल्या लाकूडकामावर व टेबलांवर उतरतो.

(ई) चक्राकार जिने व कमानींचे सोपे : ग्रंथालयाच्या कोपऱ्यांवरील गोल जिने बाहेरूनच दिसतात. खोल्यांपुढे कमानींचे मोकळे सोपे आहेत. थंड देशाच्या शैलीला मुंबईचे ऊन आणि पाऊस मानवावा म्हणून केलेली ही तडजोड आहे. उन्हाची तिरीप अडते, पावसाची झड आत येत नाही, वारा मात्र खेळतो. आपल्या चाळींच्या गॅलऱ्याही तेच काम करतात.

(उ) मापे : पदवीदान सभागृह १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद व ६३ फूट उंच आहे. रुंदीच्या जवळजवळ दीडपट उंची. आत उभे राहिले की मान आपोआप वर जाते आणि माणूस लहान वाटू लागतो. चर्चमध्ये ईश्वरापुढे माणूस लहान वाटावा म्हणून ही युक्ती होती. येथे ती विद्यापीठाच्या व राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेसाठी वापरली गेली. फाटकापाशी थांबलेल्या आमच्या वडिलांवर तिचा परिणाम पूर्ण झाला होता, असे आता वाटते.

घड्याळाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश अमदानीत त्याच्या घंटांवर सोळा निरनिराळ्या सुरावटी वाजत. त्यांत ब्रिटिश राष्ट्रगीताचीही सुरावट होती. राज्य गेले, राष्ट्रगीत गेले. घड्याळ राहिले.

५. मनोऱ्यावरील माणसे

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू.

मनोऱ्याच्या वरच्या भागात, अष्टकोनाभोवती, पुरुषभर उंचीहून मोठ्या दगडी मूर्ती उभ्या आहेत. त्या देवदेवतांच्या नाहीत, राजांच्या नाहीत, विद्वानांच्याही नाहीत. त्या पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातींच्या प्रतिनिधी म्हणून केलेल्या आहेत. पागोटे, अंगरखा, दाढी-मिशा, उभे राहण्याची ढब यांवरून एकेक जात ओळखावी, अशी योजना होती. त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय साहाय्यक अभियंत्याने तयार केले. काम नजरेत भरण्यासारखे आहे, यात शंका नाही. ओव्हलच्या कडेने दुर्बिणीतून पाहिल्यास वस्त्रांच्या चुण्यासुद्धा दिसतात.

पण विद्येच्या मंदिरावर जाती कशासाठी? याचे उत्तर त्या काळात आहे. मनोरा बांधला जात होता त्याच वर्षांत, १८६८ ते १८७५ मध्ये, सरकारच्या वतीने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा छायाचित्रांचा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात येथल्या जाती-जमातींचे नमुने दाखवले होते. १८७२ च्या सुमारास पहिली देशव्यापी जनगणना झाली व तीत जातींची नोंद झाली. इंग्रज राज्यकर्त्याला हा देश समजून घ्यायचा होता व त्यासाठी त्याने सर्वांत सोयीचा खण निवडला, तो जातीचा. माणूस कोण, याचे उत्तर त्याने त्याच्या पागोट्यात शोधले. तीच दृष्टी मनोऱ्यावर दगड होऊन उभी राहिली.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. दगडात कोरलेली वस्तू कायमची वाटते. पर्वत जसा नेहमीचाच, तशी जातही नेहमीचीच, असा पाहणाऱ्याचा समज होतो. आणि त्या मूर्तींना नाव नाही. माणूस आहे, चेहरा आहे, पण नाव नाही. आहे ती फक्त जात. ज्या समाजात नाव विचारण्याआधी जात विचारली जाई, त्या समाजाचे हे अचूक चित्र नकळत मनोऱ्यावर चढले आहे.

६. मनोऱ्याखालून गेलेला विद्यार्थी

१९०७ साली एलफिन्स्टन हायस्कूलचा एक विद्यार्थी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलाने ती परीक्षा पार करणे ही एवढी मोठी घटना होती की त्याच्या सत्कारासाठी सभा भरली. सी. के. बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. आपल्या संस्थेच्या गुणगौरव समारंभाची परंपरा येथून सुरू होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. म्हणून त्या समारंभात वही-पेनासोबत एक पुस्तक अवश्य द्यावे, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे.

पुढे बाबासाहेब काळा घोड्यासमोरील एलफिन्स्टन महाविद्यालयात शिकले. विद्यापीठाच्या आवारापासून ते हाकेच्या अंतरावर आहे. १९१२ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी परीक्षा उत्तीर्ण केली. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्या वेळी मुख्य ग्रंथालय होते ते लो मेमोरियल लायब्ररीच्या घुमटाकार वास्तूत. ९ मे १९१६ रोजी तेथील एका परिसंवादात त्यांनी जातिसंस्थेवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. जाती कोणी देवाने निर्मिल्या नाहीत की त्या रक्ताच्या भिन्नतेतून आल्या नाहीत. आपल्याच गटात लग्न करण्याच्या बंधनातून त्या घडल्या व टिकल्या, असे त्यांनी त्यात दाखवले. म्हणजे जात घडवलेली आहे. घडवलेली वस्तू मोडता येते. १९३६ साली ‘जातिसंहार’ हा विषय त्यांनी उघडपणे जगापुढे ठेवला.

विद्यार्थी मित्रांनो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. विद्यापीठाच्या मनोऱ्यावर जात दगडाची आहे. आणि त्याच विद्यापीठाच्या एका पदवीधराने जात दगडाची नसून माणसाने घातलेली गाठ आहे, हे सिद्ध केले. वास्तूने जे शिकवले त्याच्या नेमके उलट विद्येने शिकवले.

बाबासाहेब येथून पदवी घेऊन निघून गेले असे नाही. १९१८ ते १९२० ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. १९२३ नंतर विद्यापीठाला लागून असलेल्या उच्च न्यायालयात त्यांनी वकिली केली. १९३५ साली ते शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२४ साली विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या निवेदनात, विद्यापीठाने केवळ परीक्षा घेऊ नये, शिकवावेही, असे त्यांनी मांडले. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी मागासवर्गीयांना विद्यापीठाच्या कारभारात प्रतिनिधित्व मागितले. दाराच्या आत येणे पुरेसे नाही, घर चालवण्यातही वाटा हवा, असा त्याचा अर्थ. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच दारे बांधली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय उभे राहिले.

७. आपल्या डोंगरापलीकडचे दुसरे आवार

भांडुपच्या पश्चिमेला जो डोंगर दिसतो त्याच्या पलीकडे, राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची लेणी आहेत. ती शंभराहून अधिक आहेत. इसवी सनाच्या प्रारंभाच्या आसपास ती कोरण्यास सुरुवात झाली व सुमारे हजार वर्षे तेथे भिक्खूंचा वावर होता. राहण्याच्या खोल्या, दगडी बाक, सभेची दालने, पाण्याची टाकी असे सारे तेथे आहे. वर्षावासात राहावे, शिकावे, चर्चा करावी, असे ते आवार होते.

तुलना करण्याजोगी गोष्ट तेथील शिलालेखांत आहे. कोणी टाके दिले, कोणी बाक दिला, कोणी लेणे दिले, याची नोंद दगडात आहे. दाते कोण? कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांचे व्यापारी, सोनार, लोहार आणि भिक्षुणीही. त्यांचा व्यवसाय लिहिला आहे, गाव लिहिले आहे आणि मुख्य म्हणजे नावही लिहिले आहे. लोहार तेथे नमुना म्हणून उभा नाही, तो दाता आहे. राजाबाई टॉवरवर जातीला चेहरा मिळाला पण नाव मिळाले नाही. कान्हेरीत चेहरा नाही, नाव मात्र दोन हजार वर्षे टिकले. दोन्ही ठिकाणी दगडच. पण माणसाकडे पाहण्याची नजर निराळी, म्हणून अक्षर निराळे उमटले.

८. आजची स्थिती व आपले कर्तव्य

१९९५ साली मुंबईसाठी वारसा नियम लागू झाले व या वास्तूंना संरक्षण मिळाले. ग्रंथालय व मनोऱ्याची मोठी दुरुस्ती होऊन ती २०१५ साली पूर्ण झाली. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या ९४ इमारतींत विद्यापीठाच्या या वास्तूही आहेत. विद्यापीठाचे बरेचसे विभाग आता कालिन्याच्या विद्यानगरीत आहेत. तरी फोर्टचे आवार हे विद्यापीठाचे मूळ घर आहे.

काही सभासद विचारतात, साहेबाने बांधलेल्या, सावकारी पैशाच्या, वर जातींच्या मूर्ती मिरवणाऱ्या इमारतीचे कौतुक आपण का करावे? प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे असे की कौतुक करू नये आणि तिरस्कारही करू नये. वाचावी. मूर्ती उतरवायला हव्यात असेही आम्हास वाटत नाही. त्या पुरावा आहेत. जात ही आपल्या विद्यापीठाच्या माथ्यावर एके काळी शोभेची वस्तू होती, हे पुढच्या पिढीला दाखवायला दुसरा इतका ठळक पुरावा मिळणार नाही. फक्त त्याखालून जाताना खालचा विद्यार्थीही आठवला पाहिजे. मनोऱ्यासमोरून जाणाऱ्या रस्त्याला आज कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे. सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून शिकवणाऱ्या त्या माणसाच्या नावाचा रस्ता मूर्तींच्या पायाशी आहे, ही खूण आपण मुलांना दाखवली पाहिजे.

म्हणून सुचवावेसे वाटते की संस्थेने वर्षातून एका रविवारी विद्यार्थ्यांची वास्तुसहल काढावी. भांडुपहून धीमी लोकल धरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे. तेथून डॉ. दादाभाई नौरोजी मार्गाने चालत निघावे. वाटेत सिद्धार्थ महाविद्यालयाचे आनंद भवन लागते, तेथे थांबावे. पुढे हुतात्मा चौक, उच्च न्यायालय आणि मग विद्यापीठ. परतताना काळा घोड्याकडून एलफिन्स्टन महाविद्यालय पाहावे. खर्च तिकिटाचा आणि वडापावाचा.

अभ्यासासाठी :

१) ओव्हलच्या बाजूने मनोऱ्याचे तीन टप्पे ओळखा व त्यांचे रेखाचित्र काढा.
२) टोकदार कमान व अर्धगोल कमान यांतील फरक आकृतीने दाखवा. आपल्या वस्तीत कमान कोठे दिसते ते शोधा.
३) मनोऱ्यावरील कोणत्याही एका मूर्तीचे वर्णन पाच ओळींत लिहा. तिला नाव द्यायचे झाल्यास कोणते द्याल व का?
४) आपल्या विहाराच्या अथवा समाजमंदिराच्या बांधकामात कोणी किती वर्गणी दिली, कोणी अंगमेहनत केली, याची यादी ज्येष्ठांना विचारून तयार करा. अंगमेहनत करणाऱ्यांची नावे आधी लिहा.

शेवटी एक सांगून हा पाठ संपवतो. बऱ्याच वर्षांनी आम्ही वडिलांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. ती माणसे म्हणजे जाती आहेत, असे सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. मग विचारले, “आत पुस्तकं हायेत ना अजून?” आम्ही म्हणालो, “आहेत.” “मग नातीला घेऊन जा,” ते म्हणाले, “आन् ह्या वेळी मला फाटकाबाहेर ठेवू नको.”

त्या रविवारी आम्ही तिघे गेलो. फाटकापाशी या खेपेस कोणी थांबले नाही.

जयभीम.